हारमेनसाठी चादर

सिब्रेन हेत्तिंगाने उभा जन्म पाण्याला शिस्त लावण्यात घालवला. पाणी मंडळात तो पातळी अधिकारी होता. हार्लिंगेन बंदराच्या आसपासच्या कुठल्याही कालव्यात पाणी बोटभर जरी चढलं, तरी ते सिब्रेनला विचारून चढतं, असं लोक म्हणत आणि सिब्रेन ते खोडून काढत नसे. अशा माणसाचं निवृत्तीनंतर स्वतःच्या बैठकीच्या खोलीतलं चार-पाच बादल्या पाणी ऐकेना, यासारखा अपमान नाही. पाणी तसं बिचारं गरीब होतं. बिघडले होते ते आतले मासे.

मासे त्याचे नव्हतेच. बायकोचे, आफ्केचे. दोन गुरामी, तळहातावर मावतील एवढे. एक तांबडा, एक निळसर. दुकानदाराने जोडी म्हणून दिले आणि निघाले दोघेही नर. आफ्केने त्यांना आपल्या दोन मामांची नावं ठेवली, डर्क आणि हारमेन. हे मामा दोन शेतांमधल्या एका चरावरून असे भांडले की एकमेकांच्या मयतालाही गेले नाहीत. आता एकाच्या बाबतीत तसा नाइलाज होता, हे सिब्रेनने तिला एकदा समजावून सांगून पाहिलं होतं. पण सांगायचा मुद्दा असा, की ज्यांना असली नावं ठेवली त्यांच्याकडून शहाणपणाची अपेक्षा कशाला करायची?

आफ्के घरात होती तोवर मासे गुण्यागोविंदाने नांदत होते. मार्चमध्ये तिची बहीण ग्रीत सायकलवरून पडली आणि पाय मोडून बसली. ग्रीत राहते समोरच्या बेटावर, तेरशेलिंगला. तिथे तिचं पाहुण्यांसाठी खोल्या देण्याचं लहानसं घर आहे. "पंधरा दिवसांत येते," असं सांगून आफ्के बोटीत बसली. पंधरा दिवसांत ईस्टर आला, ईस्टरमागून पाहुणे आले, पाहुण्यांमागून उन्हाळा आला. ग्रीतचा पाय केव्हाच जुळला. ती टुणटुणीत सायकल चालवत होती, असं बोटीवरचा एक खलाशी सांगत होता. आफ्के मात्र आली नाही.

ती दर रविवारी कॉफीच्या वेळेला फोन करायची. पहिला प्रश्न ठरलेला, "हारमेन कसा आहे?"

"मजेत," सिब्रेन म्हणायचा.

"आणि डर्क?"

"तोही मजेत."

मग दोघंही फोन कानाला लावून थोडा वेळ गप्प बसायची. तिकडून समुद्रपक्ष्यांचा कलकलाट ऐकू यायचा. "बरं मग," आफ्के म्हणायची. "बरं मग," सिब्रेन म्हणायचा. झाला फोन.

खरं सांगायचं तर सिब्रेनला माशांचं काडीचं सोयरसुतक नव्हतं. त्याला आफ्के हवी होती. संध्याकाळच्या बोटीच्या वेळेला तो रोज धक्क्यावर जाऊन उभा राहायचा. कुणी विचारलंच तर म्हणायचा, पाण्याची पातळी बघायला आलोय. बोट लागायची, सायकली उतरायच्या, कुत्री उतरायची, उन्हाने लालबुंद झालेले पाहुणे उतरायचे. सगळ्यात शेवटचा माणूस उतरेपर्यंत सिब्रेन पातळी बघत राहायचा आणि मग घरी येऊन एकट्यासाठी बटाटे उकडायचा.

मग तो स्वतः का गेला नाही, असं तुम्ही विचाराल. एक तर माशांना रोज खायला कोण घालणार? आणि दुसरं म्हणजे त्याला कुणी बोलावलं नव्हतं. सिब्रेनच्या लोकांत न बोलावता कुणी कुणाकडे जात नाही. शेजारणीकडे कॉफी प्यायची असली तरी तीन आठवडे आधी दोघांनी आपापल्या डायऱ्या उघडून वार ठरवायचा. अशा मुलखात माणूस बोटीत बसून सरळ बायकोच्या दारात कसा उभा राहणार? आणि "तू ये," असं तिला सांगायचं, तर तेही शोभेना. तिच्या बहिणीचा पाय मोडलेला, आणि आपण लहान पोरासारखं ये ये म्हणायचं? त्याची जीभच रेटत नव्हती.

अशात जूनच्या सुमारास डर्क माजला.

आधी तो हारमेनला खाण्यापासून हुसकायचा. मग पानाखालून हुसकायला लागला. मग हारमेन जिथे जाईल तिथून. हारमेनच्या शेपटीची लक्तरं झाली, निळा रंग उडून तो धुतलेल्या मोज्यासारखा दिसायला लागला, आणि दिवसभर टाकीच्या कोपऱ्यात गाळणीच्या नळीमागे श्वास धरून उभा राहायला लागला. सिब्रेनचं धाबं दणाणलं. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली होती, की आफ्के या घराबद्दल दर रविवारी पहिल्यांदा विचारते ती या मरतुकड्या माशाची खबर. उद्या हारमेन मेला, तर तिला विचारायला काही उरायचं नाही. आणि परत यायलाही.

त्याने पहिला उपाय खात्याच्या पद्धतीने केला. पाण्याची पातळी वीतभर उतरवली. पातळी उतरली की वाद मिटतात, हा त्याचा चाळीस वर्षांचा अनुभव; शेतकऱ्यांचे तरी मिटायचे. मासे शेतकरी नव्हते. उलट गाळणीच्या तोंडात हवा शिरून ती अशी घुरघुरायला लागली की पलीकडच्या गोस्सेने भिंतीवर बुक्के मारले.

गोस्से हा निवृत्त बेकरीवाला. हयातभर पहाटे उठण्याची सवय असल्यामुळे दुपारी झोपमोड झालेली त्याला खपत नसे. तो तावातावाने आला, पण टाकीसमोर उभा राहिला आणि शांत झाला.

"अरे, याला एकच गिऱ्हाईक मिळालंय, म्हणून हा त्याच्या मागे लागतो," गोस्से म्हणाला. "माझ्या बेकरीत दोन पोरं अशीच भांडायची. मी आणखी चार कामाला ठेवली. मारणार तरी किती जणांना?"

"थांबली भांडणं?"

"मारणाऱ्याचे हात दुखायला लागले असणार. तू मासे वाढव."

सिब्रेनने सहा लहान चंदेरी मासे आणून सोडले. डर्कचे हात काही दुखले नाहीत, कारण माशाला हात नसतात, ही साधी गोष्ट त्या दोघांपैकी एकाच्याही लक्षात आली नव्हती. दुसऱ्या दिवशी नळीमागे सात मासे रांगेने उभे होते. हारमेन सगळ्यात मागे.

दुसरा सल्ला समोरून आला. समोर तित्सियाबाई राहतात. त्यांची आरामखुर्ची त्यांच्या खिडकीत, सिब्रेनची टाकी सिब्रेनच्या खिडकीत, मधे अरुंद रस्ता. या गल्लीत पडदे ओढण्याची पद्धत नाही. दिवसा नाही आणि दिवे लागल्यावर तर नाहीच. पडदे ओढतो त्याच्याकडे लपवण्यासारखं काहीतरी आहे, अशी सगळ्यांची श्रद्धा. त्यामुळे तित्सियाबाईंना सिब्रेनच्या घरातलं सगळं दिसायचं, आणि त्या ते मनाला लावून घ्यायच्या. त्यांचा फोन यायचा, "सिब्रेन, तुम्ही स्वयंपाकघरात होता तेव्हा त्याने पुन्हा मारलं हो! मी काचेवर टकटक केलं, पण इथून काय ऐकू जाणार?"

तित्सियाबाईंचा उपाय होता आरसा. डर्कला स्वतःचंच थोबाड दाखवायचं. त्याची सगळी मस्ती तिथे जिरेल. सिब्रेनने आफ्केचा हातआरसा काचेला टेकवून ठेवला. डर्कने आरशातल्या माशाला पाहिलं मात्र, आणि अन्नपाणी सोडून तो त्याच्यावर तुटून पडला. सकाळ-संध्याकाळ तेच. येणारे-जाणारे खिडकीशी थांबायला लागले. पोस्टमन सायकलवरून पाय न काढता विचारायचा, "आज कोण जिंकतंय?" सिब्रेन आत पेपर वाचत असल्याचं नाटक करायचा. पाणी मंडळाच्या माजी अधिकाऱ्याच्या घरात चव्हाट्यावर मारामारी चाललीय आणि तो ती थांबवू शकत नाही! शेवटी त्याने आरसा काढला. काढताना त्यात स्वतःचा चेहरा दिसला आणि तो हारमेनपेक्षा फारसा बरा नव्हता.

तेव्हा त्याने नाक मुठीत धरून मत्स्यप्रेमी मंडळ गाठलं. मंडळाचं नाव 'शांत पाणी'. मंडळाच्या चिटणिसांशी फोनवर झालेलं बोलणं असं:

"माझा एक मासा दुसऱ्याला मारतोय."

"सभासद आहात?"

"नाही."

"सल्ला सभासदांनाच मिळतो."

"मग करा सभासद."

"टाकीची तपासणी झाल्याशिवाय सभासद करता येत नाही. परीक्षक घरी येऊन गुण देतात."

"या मग. उद्या या."

पलीकडे डायरीची पानं उलटल्याचा आवाज आला. "ऑगस्टच्या अखेरीस जमेल," चिटणीस म्हणाले.

परीक्षकांची वाट बघत हारमेनने जुलै-ऑगस्ट काढले. सिब्रेन त्याला काडीला खाणं लावून नळीमागे भरवायचा आणि भरवताना त्याच्याशी बोलायचा. "धीर सोडू नकोस रे," तो म्हणायचा. "येईल ती. सीझन संपला की येईल." रविवारी फोनवर मात्र 'मजेत'.

बोन्नेमा नावाचे परीक्षक ठरल्या वेळेला, घड्याळाचा काटा हलायच्या आत दारात उभे राहिले. उंच, वाळके, दुःखी चेहऱ्याचे. कॉफीबरोबर त्यांनी एकच बिस्कीट घेतलं आणि डब्याचं झाकण स्वतःच लावून टाकलं. त्या मुलखात दुसरं बिस्कीट घेणं म्हणजे हावरटपणा; तेव्हा माणूस घरंदाज आहे, हे सिब्रेनने ओळखलं. मग ते खुर्ची ओढून टाकीसमोर बसले आणि एकेक झाड, एकेक दगड निरखत राहिले. सिब्रेन मागे हात बांधून उभा. साहेबांनी त्याच्या बंधाऱ्यांची तपासणी केली होती तेव्हाही त्याला इतका घाम फुटला नव्हता.

"नापास," बोन्नेमा शेवटी म्हणाले. "वनस्पतींची रांग चुकली. दगड दुकानातल्यासारखे मांडलेत. पण ते जाऊ द्या. हेत्तिंगा, या टाकीत आडोसाच नाही. कुठेही उभं राहा, सगळं दिसतं. तो निळा बिचारा जाईल तरी कुठे? वर ही खिडकी. सगळा गाव बघत असतो. मी मासा असतो तर मीही कुणालातरी चावलो असतो."

"मग करू काय?"

"तांबड्याला बाहेर काढा. बादलीत ठेवा काही दिवस. दगड, झाडं सगळं उलटंपालटं करा, म्हणजे परत टाकल्यावर त्याला आपली जहागीर सापडणार नाही. आणि तोवर अंधार करा. माशांना अंधारात धीर येतो. पडदे ओढून घ्या."

"पडदे?" सिब्रेनने असं विचारलं, जसं काही कपडे काढायला सांगितलं होतं.

"पडदे," बोन्नेमा म्हणाले आणि टोपी घालून गेले.

सिब्रेनने डर्कला पकडून बादलीत घातलं, बादली न्हाणीघरात ठेवली, वर ताटली झाकली. दगड हलवले. झाडं हलवली. मग पडदे ओढायला गेला, तर ते ओढलेच जाईनात. खिडकीच्या दोन कडांना दोन शोभेच्या पट्ट्या. त्या कधी एकमेकींना भेटाव्यात, असा शिवणाऱ्याचा हेतूच नव्हता. त्याने घरभर शोधाशोध केली. कपाटाच्या तळाशी आफ्केच्या आईने लग्नात दिलेली मोठी पांढरी चादर सापडली. ती त्याने खिडकीभर ठोकली. खोलीत छान मंद अंधार झाला. हारमेन नळीमागून अर्धं अंग बाहेर काढून बघायला लागला. सिब्रेनला इतका आनंद झाला की तो धक्क्यावर जाताना शीळ घालत गेला.

आता त्या मुलखातली एक जुनी चाल सांगायला हवी, कारण सिब्रेन त्या घटकेला ती साफ विसरला होता. तिकडे घरात माणूस गेलं की रस्त्याकडच्या खिडकीला पांढरी चादर लावतात. नवी पोरं लावत नाहीत, पण या गल्लीत नवी पोरं होती कुठे?

दुसऱ्या दिवशी तित्सियाबाई आल्या. वेळ न ठरवता! हातात वाटाण्याच्या दाट सूपचं पातेलं, वर बिस्किटांचा अख्खा डबा. माशांची चौकशी करायला आल्यात, हे सिब्रेनने गृहीतच धरलं. उन्हाळाभर हे प्रकरण त्यांच्या डोळ्यांसमोर चाललं होतं.

"सिब्रेन, काय बोलू हो मी," त्या म्हणाल्या.

"बोलायचं काय त्यात? आज ना उद्या ही वेळ येणारच होती."

"म्हणजे तुम्हाला अंदाज होता?"

"न असायला काय झालं? खाणंपिणं सुटलेलं, रंग उडालेला."

"आम्हाला कुणाला कळवलं नाहीत ते! फार त्रास झाला का हो?"

"झाला. पण आता शांत आहे सगळं. अंधारात बरं वाटतं."

तित्सियाबाईंनी रुमाल डोळ्यांना लावला. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "आणि आता... कुठे ठेवलंय?"

"न्हाणीघरात. बादलीत."

"बादलीत!"

"दुसरं भांडं नव्हतं. ताटली झाकलीय वरून. बघायचंय?"

तित्सियाबाईंना बघायचं नव्हतं. त्यांना घाईने घरी जायचं होतं. बिस्किटांचा डबा उघडाच राहिला. सिब्रेनने एक खाल्लं, मग इकडेतिकडे बघून दुसरंही खाल्लं. मासे आजारी पडले की शेजारी इतके हळवे होतात, हे त्याला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी गोस्से आला. अंगात काळा सूट, काखेत साखरपाव आणि हातात झाकणाचा एक मोठा गोल डबा. तो खुर्चीत बसला, उठला, पुन्हा बसला.

"सिब्रेन, एक सांगू का? रागावू नकोस," तो म्हणाला. "राख बादलीत ठेवू नये रे. हा डबा घे. बेकरीतला आहे, पण घासून आणलाय."

"कसली राख?"

गोस्सेने फक्त खिडकीवरच्या चादरीकडे बघितलं. सिब्रेननेही बघितलं. मग गोस्सेच्या सुटाकडे, मग सूपच्या पातेल्याकडे. आजी गेली तेव्हा घरात अशीच चादर लागली होती, ती त्याला लख्ख आठवली. अरे देवा! यांना वाटतंय की आफ्के गेली!

त्याने खुलासा करायला तोंड उघडलं. हे लक्षात ठेवा, त्याने तोंड नक्की उघडलं होतं. पण तेवढ्यात गोस्सेने आपला पिठाने भेगाळलेला पंजा त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि विचारलं, "आठवण येते ना रे तिची?"

मार्चपासून हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. मासे कसे आहेत, बटाटे कसले घेता, पातळी किती आहे, सगळं विचारलं होतं. हे नाही.

"येते," सिब्रेन म्हणाला. "फार येते रे." आणि पाणी मंडळाचा माजी पातळी अधिकारी बेकरीवाल्यासमोर ढसाढसा रडला.

आता तुम्हीच सांगा, एवढं रडून झाल्यावर कुठल्या तोंडाने सांगायचं, की ती जिवंत आहे आणि तेरशेलिंगला चादरी बदलतेय? सिब्रेनने ठरवलं, उद्या सांगू. उद्या पोस्टमन आला. त्याने टोपी काढली आणि आफ्के दारात पाणी द्यायची त्याची आठवण सांगितली. परवा कोपऱ्यावरची मासळीवाली आली. मग गल्लीतलं एकेक घर यायला लागलं, सगळी डायरी न उघडता! आणि सिब्रेन बोलायला लागला. आफ्के चर्चमध्ये सगळ्यांच्या अर्धी ओळ पुढे गाते. थंडीत आपले बर्फासारखे पाय माझ्या पोटऱ्यांना लावते. मी रस्ता चुकलो की काही बोलत नाही, नुसती खिडकीबाहेर बघून हसते. तो 'गायची', 'लावायची' असं म्हणत नव्हता, 'गाते', 'लावते' म्हणत होता. लोकांना ते ऐकून आणखी भरून यायचं. लाजेने त्याचा जीव अर्धा व्हायचा आणि तरीही दाराची घंटा कधी वाजते याची तो वाट बघायचा.

मधल्या काळात हारमेन बरा झाला. डर्कला परत टाकीत सोडलं, तर तो नव्या जावयासारखा अंग चोरून एका दगडामागे बसला. हारमेन भर मधून पोहायला लागला, निळा रंग परत आला. म्हणजे चादरीचं काम संपलं होतं. सिब्रेन रोज सकाळी तिच्यासमोर खिळे काढायचा चिमटा घेऊन उभा राहायचा आणि रोज चिमटा परत ठेवायचा.

रविवारी फोन आला. "हारमेन कसा आहे?"

"मजेत," सिब्रेन म्हणाला. या खेपेला ते खरं होतं, आणि नेमका या खेपेलाच त्याचा आवाज फुटला.

"सर्दी झालीय का तुला?"

"थोडी."

"बरं मग," आफ्के म्हणाली, पण फोन ठेवायला तिने जरा वेळ लावला.

त्यानंतर दोन दिवसांनी, दुपारच्या बोटीनंतर, मागचं दार उघडलं. सिब्रेन टाकीसमोर बसला होता. दारात आफ्के उभी. पावसाळी कोट, हातात पिशवी, केस वाऱ्याने विस्कटलेले. न कळवता आली होती. अख्ख्या जन्मात तिने असं केलं नव्हतं.

सिब्रेन उठून उभा राहिला. त्याला काहीतरी छान बोलायचं होतं. "पुढच्या दाराने का नाही आलीस?" असं तो बोलून गेला.

"कशी येणार? मेलेय ना मी!" आफ्केने पिशवी जमिनीवर आदळली. "गोस्सेचा फोन आला होता सकाळी. त्याला वाटलं ग्रीतने उचलला, आमचे आवाज सारखेच. म्हणतो, आफ्केचं कळलं, फार वाईट झालं, सिब्रेनला विचारवत नाही, चर्चमधली प्रार्थना कधी आहे? मी भाजी चिरत होते."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? माझी वाचाच बसली! 'कळवते' म्हटलं आणि ठेवला फोन." तिने चादरीकडे हात केला. "मग वाटेत सगळा विचार केला. मी इतके महिने आले नाही, म्हणून तू मला मेलेली समजायचं ठरवलंस. बरोबर ना? सुतक पाळतोयस माझं. आणि त्यासाठी माझ्या आईचीच चादर सापडली तुला?"

"आफ्के, नाही गं! हारमेन... त्या डर्कने... ते बोन्नेमा म्हणाले अंधार करा..."

त्याने जमेल तसं सांगितलं. आरसा, सहा मासे, नापास झाल्याचं, बादली, राखेचा डबा. बादलीपाशी आफ्केचा ओठ हलायला लागला. डब्यापाशी ती कोटासकट खुर्चीत बसली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. पिशवीतला एक कांदा घरंगळत टाकीखाली गेला. घाईत तिने तिथली भाजीच पिशवीत कोंबून आणली होती. मग तिने टाकीच्या काचेला बोट लावलं. हारमेन ऐटीत जवळ आला.

"हा तर ठणठणीत आहे," ती म्हणाली. तिचं हसू हळूहळू ओसरलं. "मग चादर का आहे अजून? आणि लोकांना खरं का नाही सांगितलंस?"

सिब्रेनने खाली बघितलं. "ते विचारत होते," तो म्हणाला.

"काय?"

"तुझी आठवण येते का. रोज कुणीतरी यायचं आणि विचारायचं. मग मला 'येते' असं म्हणता यायचं. चादर काढली की विचारायचे थांबले असते."

आफ्केने टाकीखालचा कांदा उचलून पिशवीत टाकला. गाळणीचं पाणी तेवढं वाजत होतं.

"मला का नाही म्हणालास?" तिने विचारलं. "दर रविवारी फोन करत होते."

"तू हारमेनचं विचारायचीस."

"अरे, दुसरं काय विचारणार? तुझं विचारलं की तू म्हणायचास, पातळी ठीक आहे!" तिने नाक पुसलं. "एप्रिलपासून तिथे माडीवरची खोली ठेवलीय मी तुझ्यासाठी. ग्रीत रोज ओरडते, भर सीझनमध्ये रिकामी खोली! मी म्हणायचे, तो येईल. या आठवड्यात येईल."

"मला कुणी बोलावलं नव्हतं."

"माझ्या नवऱ्याला मी आमंत्रण धाडायचं? बोट दोन्ही बाजूंनी चालते, सिब्रेन! मी रोज संध्याकाळी धक्क्यावर उभी असायचे तिकडे."

सिब्रेनला हे ऐकून कळेना, हसावं की रडावं. इकडे तो पातळी बघत उभा, तिकडे ती. आणि मधून रोज बोट लोकांची कुत्री आणि सायकली वाहत होती. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

"तर मग मीच विचारते आता," आफ्के म्हणाली. "येते का माझी आठवण?"

साऱ्या गल्लीला जे सांगून झालं होतं, ते तिच्या तोंडावर सांगायला त्याला केवढा जोर लावावा लागला. "येते," तो म्हणाला. "समोर उभी आहेस तरी येते."

तिने कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. मग दोघांच्याही नजरा चादरीकडे गेल्या. पलीकडे पावलं वाजत होती. कुणीतरी खिडकीपाशी येऊन, जरा थांबून, दबक्या पावलांनी पुढे गेलं. सिब्रेनने चिमटा उचलला.

"काढतो. तित्सियाबाईंना सांगायला हवं. गोस्सेचा डबाही परत द्यायचाय."

"सकाळी काढू," आफ्केने त्याच्या हातातून चिमटा काढून घेतला. "लग्नाला एवढी वर्षं झाली, या खोलीत आपल्याकडे कुणी बघत नाहीय अशी ही पहिली संध्याकाळ. आजच्यापुरती मी मेलेलीच बरी."